राष्ट्रपती आपण का निवडत नाही? अप्रत्यक्ष निवडणुकीचे फायदे आणि तोटे



आठवीच्या नागरिकशास्त्रात केंद्रीय कार्यकारी मंडळाचा पाठ आला की दरवर्षी एखादं तरी मूल हा प्रश्न विचारतंच. यंदा एका मुलीने विचारला. "बाई, सरपंच आपण निवडतो. माझी आई पण मत टाकून आली. मग राष्ट्रपती तर सगळ्यांत मोठे, त्यांना आपण का नाही निवडत?"

मी ठरलेलं उत्तर दिलं. राष्ट्रपतींची निवड अप्रत्यक्ष पद्धतीने होते. संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून एक निर्वाचक मंडळ असते, ते राष्ट्रपतींची निवड करते. परीक्षेत दोन गुणांना हे उत्तर पुरतं. पण ती मुलगी खाली बसली नाही. "ते कळलं बाई. पण का?"

या "का" चं उत्तर आपण वर्गात फारसं देत नाही, आणि घरी तर त्याहून कमी. म्हणून हा लेख. फायदे आणि तोटे दोन्ही मांडते, शेवटी माझं मतही सांगते. तुम्हाला ते पटलंच पाहिजे असं नाही.

आधी पद्धत नीट समजून घेऊ

संविधानाच्या कलम ५४ आणि ५५ मध्ये ही सगळी व्यवस्था दिली आहे. मतदार कोण? लोकसभा आणि राज्यसभेचे निवडून आलेले खासदार, आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले आमदार. दिल्ली आणि पुद्दुचेरीचे आमदारही यात येतात. नामनिर्देशित सदस्यांना मत नाही. विधानपरिषदेच्या आमदारांनाही नाही. हा मुद्दा मुलं हमखास चुकतात, तेव्हा फळ्यावर वेगळा लिहा.

आता गंमत बघा. प्रत्येक आमदाराच्या मताचं मूल्य सारखं नसतं. राज्याची लोकसंख्या भागिले निवडून आलेल्या आमदारांची संख्या, आणि त्याला पुन्हा १००० ने भागायचं. लोकसंख्या १९७१ च्या जनगणनेची धरायची. महाराष्ट्राची त्या वेळची लोकसंख्या होती ५ कोटी ४ लाख १२ हजार २३५. आमदार २८८. गणित केलं की उत्तर येतं १७५. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, गोव्याच्या आमदाराचं २० चं आणि सिक्कीमच्या आमदाराचं फक्त ७ चं. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. गणिताच्या सरांनाही बोलवा हवं तर.

देशातल्या सगळ्या आमदारांच्या मतांचं एकूण मूल्य काढायचं आणि त्याला निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागायचं. जे उत्तर येईल ते एका खासदाराच्या मताचं मूल्य. २०२२ मध्ये ते ७०० होतं. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात सगळी राज्यं आणि दुसऱ्या पारड्यात संसद, दोन्ही पारडी जवळजवळ सारखी. २०२२ च्या निवडणुकीत ७७६ खासदार आणि ४०३३ आमदार असे ४८०९ मतदार होते. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांना ६,७६,८०३ मूल्याची मतं मिळाली, श्री. यशवंत सिन्हा यांना ३,८०,१७७ मूल्याची.

मतदान गुप्त असतं आणि पसंतीक्रमाने होतं. पहिली पसंती, दुसरी पसंती, तिसरी. जिंकायला वैध मतमूल्याच्या निम्म्याहून जास्त लागतं. पहिल्या फेरीत कुणालाच ते मिळालं नाही, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे बाकीच्यांकडे जातात.

संविधान सभेत हा प्रश्न आला होता का?

आला होता. आमच्या आठवीच्या मुलीने विचारलं तेच प्रा. के. टी. शाह यांनी संविधान सभेत मांडलं होतं. राष्ट्रपती सर्व प्रौढ नागरिकांनी थेट निवडावा, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९५२ च्या पहिल्या राष्ट्रपती निवडणुकीत ते डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्याविरुद्ध उभेही राहिले आणि हरले.

त्यांचं म्हणणं मान्य झालं नाही. पंडित नेहरूंचा मुद्दा थोडक्यात असा होता: आपण संसदीय पद्धत घेतली आहे, खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे आहे. अशा वेळी राष्ट्रपतीला साऱ्या देशाच्या मतांनी निवडायचं आणि हातात खरे अधिकार मात्र द्यायचे नाहीत, हे विसंगत होईल. डॉ. आंबेडकरांनी मतदारांची प्रचंड संख्या आणि यंत्रणेची अडचण दाखवली, आणि जे पद राष्ट्राचं प्रतीक म्हणून आहे त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असाही त्यांचा युक्तिवाद होता.

पुस्तकात वाचताना हे कोरडं वाटतं. मला ते खरं कळलं ते एका गावात.

दोन गावांची गोष्ट

तुम्हाला आठवत असेल, आपल्या राज्यात २०१७ मध्ये सरपंचाची थेट जनतेतून निवड सुरू झाली. २०२० मध्ये ती बंद करून पुन्हा सदस्यांतून निवड आली. २०२२ मध्ये पुन्हा थेट निवड. सरकार बदललं की सरपंच निवडायची पद्धत बदलते, असा हा खेळ. म्हणजे "प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष" हा वाद दिल्लीत नाही, आपल्या पारावर चालू आहे.

मी एका गावात शिकवत होते, तिथे सरपंच थेट निवडून आले एका पॅनलचे आणि सदस्यांचं बहुमत दुसऱ्या पॅनलचं. दोघांनाही लोकांनीच निवडलेलं. सरपंच म्हणायचे, "मला अख्ख्या गावाने निवडलंय." सदस्य म्हणायचे, "बहुमत आमचं आहे." मासिक सभा बोलावली की गणपूर्ती होईना. तहकूब. पुन्हा बोलावली, पुन्हा तहकूब. आमच्या शाळेतल्या मुलींच्या स्वच्छतागृहाची दुरुस्ती या भांडणात जवळजवळ दोन वर्षं अडकली. सातवी-आठवीच्या मुली महिन्यातले ते चार दिवस घरी राहायच्या. हजेरीपत्रकात मी गैरहजेरी मांडायची आणि कारण मला माहीत असायचं. दोष कुणा एका माणसाचा नव्हता. एकाच गाडीला दोन चालक बसवले होते आणि दोघांच्या हातात लोकांनीच दिलेला परवाना होता.

त्याआधी मी ज्या गावात होते तिथे सरपंच सदस्यांतून निवडलेले. तिथे वेगळीच तऱ्हा. अविश्वास ठराव येणार म्हटलं की चार-पाच सदस्य अचानक "सहलीला" निघून जायचे. कुठे, कुणाच्या खर्चाने, हे सगळ्या गावाला माहीत आणि कुणालाच माहीत नाही. पाच वर्षांत तीन सरपंच झाले. प्रत्येक नव्या सरपंचाला शाळेचा अर्ज पहिल्यापासून समजावून सांगायचा.

या दोन गावांमुळे मी एक गोष्ट शिकले. कोणतीही पद्धत मुळात पवित्र नसते. त्या पदाकडे काय काम आहे हे आधी बघायचं, मग निवडायची पद्धत ठरवायची.

अप्रत्यक्ष निवडणुकीचे फायदे

१. दोन सत्ताकेंद्रं होत नाहीत. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीला सुमारे ९७ कोटी मतदार होते. एवढ्या लोकांनी थेट निवडून दिलेला राष्ट्रपती पंतप्रधानांचा सल्ला मुकाट्याने ऐकेल का? तो म्हणेल, "तुम्ही एका मतदारसंघातून आलात, मी अख्ख्या देशातून आलोय." आणि त्याचं म्हणणं चूक ठरवता येणार नाही. माझ्या गावातलं भांडण दिल्लीत गेलं असतं. तिथे फक्त स्वच्छतागृहाची फाईल अडकत नाही, देश अडकतो.

२. राज्यांना वाटा मिळतो. राष्ट्रपती फक्त संसदेने निवडले असते, तर केंद्रात ज्यांचं बहुमत त्यांचाच माणूस, विषय संपला. आमदारांमुळे सगळ्या राज्यांचा आवाज येतो. सिक्कीमच्या ३२ आमदारांची मतं मिळून २२४ होतात, महाराष्ट्राच्या २८८ आमदारांची ५०,४००. लहान राज्य लहानच राहतं, पण मोजणीत असतं.

३. पक्षाच्या भिंती कधीकधी ओलांडल्या जातात. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही. २००७ मध्ये शिवसेना राष्ट्रीय लोकशाही आघाडीत होती, तरी तिने आघाडीचा पाठिंबा असलेले भैरोंसिंह शेखावत यांना सोडून श्रीमती प्रतिभाताई पाटील यांना मत दिलं. आपल्या जळगावची लेक देशाची पहिली महिला राष्ट्रपती झाली.

४. ज्यांच्या पाठीशी मोठी संख्या नाही असे लोकही तिथे पोहोचतात. के. आर. नारायणन, डॉ. अब्दुल कलाम, ज्ञानी झैलसिंग, द्रौपदी मुर्मू. देशभर थेट निवडणूक असती तर पैसा, जात, भाषा आणि प्रचाराचा धुरळा यातून यांपैकी किती जण वर आले असते? मला शंका आहे. कलामसरांना लोकांनी डोक्यावर घेतलं असतं असं तुम्ही म्हणाल. पण लोकांना ते एवढे आपले वाटू लागले ते राष्ट्रपती झाल्यावर, हेही लक्षात घ्या.

५. खर्च आणि ताण वाचतो. हा फायदा पुस्तकात पहिल्या क्रमांकावर असतो, मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. लोकशाहीत "स्वस्त पडतं" हे कारण एकट्याने पुरेसं नसतं. तसं म्हटलं तर निवडणूकच न घेणं सगळ्यांत स्वस्त!

आणि तोटे

१. आपलं मत वाटेत हरवतं. तुम्ही आमदार निवडताना काय बघता? रस्ता, पाणी, विजेचं बिल, शेतमालाचा भाव. राष्ट्रपती कोण हवा हे तुम्हाला कुणी विचारत नाही, आणि आमदार पुढे कुणाला मत देणार हे तो सांगत नाही. मतदान गुप्त, त्यामुळे नंतर जाबही विचारता येत नाही. तुमच्या नावाने १७५ मतं पडली, पण कुठे पडली ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

२. निकाल बहुधा आधीच ठरलेला असतो. बेरीज कागदावर झालेली असते. सत्ताधारी पक्षाने नाव जाहीर केलं की लोक अभिनंदनाला लागतात. ज्यांच्यामुळे पद मिळालं त्यांना "नाही" म्हणणं किती जड जातं, हे देशाने २५ जून १९७५ च्या रात्री पाहिलं. फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर त्याच रात्री सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

अर्थात दुसरी बाजूही आहे. याच पद्धतीने निवडलेल्या नारायणन यांनी १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस मंत्रिमंडळाकडे फेरविचाराला परत पाठवली. कलाम यांनी २००६ मध्ये लाभाच्या पदांचं विधेयक परत पाठवलं, आणि संसदेने ते पुन्हा मंजूर केल्यावर संविधानाप्रमाणे सही केली. तेव्हा पद्धत एकच, माणसं वेगळी.

३. सामान्य माणसाला उभंच राहता येत नाही. उमेदवाराला निर्वाचक मंडळातले ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात. म्हणजे शंभर आमदार-खासदारांच्या सह्या. हौशे-नवशे उमेदवार टाळायला हा नियम कडक केला हे खरं, पण एखाद्या नामवंत शास्त्रज्ञाला किंवा समाजसेवकाला मोठ्या पक्षाशिवाय आज अर्जही भरता येणार नाही, हेही तितकंच खरं.

४. मूठभर मतदारांवर दबाव टाकणं सोपं असतं. आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. पाकिस्तानात अयूब खान यांनी ८०,००० स्थानिक प्रतिनिधींचं निर्वाचक मंडळ केलं होतं. १९६५ च्या निवडणुकीत फातिमा जिना यांच्या सभांना प्रचंड गर्दी झाली, पण मत होतं त्या ८०,००० जणांकडे आणि सरकारी यंत्रणा होती अयूब खान यांच्याकडे. जिंकलं कोण, हे सांगायला नको. आमच्या गावच्या "सहली" ची ही मोठी बहीण.

५. लोकसंख्या १९७१ ची आहे. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतलं त्यांना शिक्षा होऊ नये म्हणून ती गोठवली, हे कारण योग्य. पण फरक केवढा पडला बघा. १९७१ च्या आकड्यांवर उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ आणि केरळच्या आमदाराचं १५२. हेच गणित २०११ च्या जनगणनेवर केलं तर मला उत्तर मिळालं ४९६ आणि २३९. आधी दीडपटीच्या आत असलेलं अंतर दुपटीच्या पुढे जातं. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत जुने आकडे चालणार आहेत. त्यानंतर हा प्रश्न आपल्या मुलांच्या पिढीपुढे येणार. म्हणून तो त्यांना आत्ता कळायला हवा.

६. निवडताना राज्यं, काढताना मात्र नाही. महाभियोगाची प्रक्रिया फक्त संसदेत चालते. तिथे आमदारांना मत नाही, आणि ज्यांना निवडणुकीत मत नव्हतं ते नामनिर्देशित खासदार मात्र भाग घेऊ शकतात. ही विसंगती हुशार मुलांना नक्की दाखवा.

१९६९: एकाच निवडणुकीत दोन्ही बाजू

वर्गात एकच उदाहरण द्यायचं असेल तर हे द्या. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार होते नीलम संजीव रेड्डी. पंतप्रधान इंदिरा गांधींचा कल अपक्ष व्ही. व्ही. गिरी यांच्याकडे. सदस्यांनी विवेकबुद्धीने मत द्यावं, असं त्यांनी सांगितलं. तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते सी. डी. देशमुख.

पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९. जिंकायला हवे होते ४,१८,१६९. कुणालाच पुरेसे नाहीत. मग खालचे उमेदवार एकेक करून बाद झाले, दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली, आणि गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जेमतेम निवडून आले. देशमुखांच्या मतांतला मोठा वाटा रेड्डींकडे गेला, तरी गिरी तरले.

आता मुलांना विचारा: अधिकृत उमेदवाराला सोडून मत देणारे आमदार-खासदार विवेकाने वागले की दगा दिला? गुप्त मतदान नसतं तर हे घडलं असतं का? आणि गुप्त आहे म्हणून घडलं, तर मतदारांना त्याचा हिशोब कोण देणार? माझ्या वर्गात यावर अख्खा तास गेला. घंटा झाली तरी कुणी उठेना.

वर्गात करून बघा

मी वर्गप्रमुखाची निवडणूक दोनदा घेतली. वर्गात ४० मुलं, चार रांगा: १४, १२, ८ आणि ६ मुलांच्या. उमेदवार दोन. आधी सगळ्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. पहिल्या उमेदवाराला २२, दुसऱ्याला १८. मग दुसरी पद्धत: प्रत्येक रांगेचे दोन प्रतिनिधी. प्रतिनिधीच्या मताचं मूल्य रांगेच्या संख्येच्या निम्मं, म्हणजे ७, ६, ४ आणि ३. प्रतिनिधींनी आपल्या रांगेचं बहुमत बघून मत दिलं. चौदाच्या रांगेत ८ विरुद्ध ६ आणि बाराच्या रांगेत ७ विरुद्ध ५ असा दुसऱ्या उमेदवाराचा निसटता विजय. छोट्या दोन रांगांत पहिला उमेदवार दणक्यात पुढे. बेरीज केली: दुसरा २६, पहिला १४. निकाल फिरला!

"बाई, ही चीटिंग आहे!" वर्ग ओरडला. मी म्हटलं, चीटिंग नाही, गणित आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये हेच झालं. हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त मिळूनही डोनाल्ड ट्रम्प अध्यक्ष झाले. तिथे बहुतेक राज्यांत जिंकणाऱ्याला त्या राज्याची सगळी निर्वाचक मतं मिळतात. आपल्याकडे तसं नाही. आपला प्रत्येक आमदार वेगळं मत देऊ शकतो. हा फरक सांगायला विसरू नका, नाहीतर मुलं दोन्ही देशांची खिचडी करतात.

आणि एक मोठा फरक. अमेरिकेच्या अध्यक्षाच्या हातात खरी कार्यकारी सत्ता असते. तिथे लोकांनी जास्त मतं दिलेला माणूस हरणं फार बोचतं. आपल्या राष्ट्रपतींचं तसं नाही.

माझं मत

भारतात राष्ट्रपतींची अप्रत्यक्ष निवडणूकच योग्य आहे, असं मला वाटतं. आयर्लंडमध्ये राष्ट्रपतींकडे फारशी सत्ता नसूनही लोक त्यांना थेट निवडतात आणि तिथे काही बिघडलेलं नाही, हे मला मान्य आहे. पण तो देश आपल्या एका मोठ्या जिल्ह्याएवढ्या लोकसंख्येचा. आपला देश राज्यांचा मिळून झालेला. इथे राष्ट्रपतींनी कुणाविरुद्ध जिंकून यावं यापेक्षा सगळ्यांच्या संमतीने बसावं हे जास्त गरजेचं. ज्याच्याकडे काम करवून घ्यायचं त्याला थेट निवडा, किंवा निवडणाऱ्यांना उत्तरदायी ठेवा. ज्याने तोल सांभाळायचा त्याला मैदानात उतरवू नका.

पण "योग्य आहे" म्हणजे "जसं चाललंय तसं चालू द्या" असं नाही. तीन गोष्टी मला बदललेल्या हव्यात. एक, उमेदवारांनी लोकांसमोर यावं. आमदारांच्या बैठकांपुरतं न थांबता, तुम्ही विधेयक कधी परत पाठवाल, राष्ट्रपती राजवटीची शिफारस आली तर काय बघाल, याची उत्तरं दूरदर्शनवर सगळ्यांसमोर द्यावीत. दोन, सूचक-अनुमोदकांची अट थोडी सैल व्हावी. तीन, आमदारांनी मतदानाआधी मतदारसंघात निदान एकदा तरी लोकांचं म्हणणं ऐकावं. मत गुप्त राहू दे, कारण विवेकाला तेवढीच एक खिडकी उघडी आहे. पण ऐकणं गुप्त असायचं कारण नाही.

तिसऱ्या गोष्टीची सुरुवात आपणच करू शकतो. पालकहो, पुढची राष्ट्रपती निवडणूक येईल तेव्हा मुलांसोबत बसून आपल्या आमदारांना एक पत्र लिहा. "आमच्या नावाची १७५ मतं तुमच्याकडे आहेत. ती देताना तुम्ही काय विचार करणार आहात?" एवढंच. उत्तर येईल न येईल, पण मुलाला कळेल की ती मतं आकाशातून पडलेली नाहीत. ती आपल्या घरातून गेली आहेत.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी हे सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे बाई, राष्ट्रपती आपण निवडत नाही, पण जे निवडतात त्यांना आपण निवडतो. मग आमदार निवडतानाच नीट निवडायला पाहिजे ना?"

दोन गुणांच्या उत्तरात मी आता हे वाक्यही लिहून देते.